कुत्र्यांच्या जातीवर बंदी घालणाऱ्या ठरावाला माझा विरोध: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
कोथरूड, पुणे

विषय: वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेतला ‘धोकादायक जातींच्या कुत्र्यांवर बंदी’ हा ठराव

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलेली नोटीस वाचली. तिच्यासोबत व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी यादीही पाहिली. रॉटवायलर, पिटबुल आणि यादीतल्या इतर जातींची कुत्री यापुढे सोसायटीत ठेवता येणार नाहीत, आणि जी आहेत ती तीन महिन्यांत बाहेर काढावीत, असा ठराव समिती मांडणार आहे. मी त्याविरुद्ध मत देणार आहे. आपल्या सभेत माइक हाती येईपर्यंत निम्मे लोक बटाटेवड्याच्या दिशेने निघालेले असतात, म्हणून आधीच सविस्तर लिहिते.

माझ्या घरी कुत्रा नाही. कधी नव्हता, आणि गुडघ्यांची अवस्था पाहता आता येणारही नाही. आमच्या विंगमधला तो रॉटवायलर लिफ्टमध्ये दिसला, तर मी पुढच्या फेरीची वाट पाहते. तेव्हा हे श्वानप्रेमी मंडळींचं पत्र समजून बाजूला ठेवू नका.

हा विषय निघाला तो ए विंगमधल्या आजी पार्किंगमध्ये पडल्या म्हणून. त्यांचं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये अडकला. तो रॉटवायलर त्यांना चावला नाही, अंगावरही गेला नाही. समोरून मांजर पळालं, त्यामागे त्याने झेप घेतली आणि ताणलेल्या पट्ट्यात आजींचा पाय अडकला. तो पट्टा होता नववीतल्या मुलाच्या हाती. दुसऱ्या हातात मोबाइल. पट्टाही कसला, तर कळ दाबली की लांबच लांब सुटत जाणारा. पूर्ण वाढलेला नर रॉटवायलर पन्नास किलोच्या आसपास भरतो. तो मुलगा तेवढा भरेल का, शंकाच आहे. यात दोष कुणाचा, हे मला तरी स्पष्ट दिसतं. त्या घरातल्या मोठ्या माणसांचा. आजींच्या उपचारांचा खर्च त्यांनी उचलायला हवा होता, लेखी माफी मागायला हवी होती, आणि समितीने त्यांना समज द्यायला हवी होती. यातलं काहीच झालेलं नाही. मी आजींना भेटून आले. बंदी आणा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दवाखान्याच्या बिलाबद्दल मात्र दोनदा बोलल्या. आपल्या नोटिशीत त्या बिलाचा उल्लेख नाही आणि मालकांबद्दल चकार शब्द नाही. उद्या त्याच घराने लॅब्रॅडॉर आणला आणि त्याच मुलाच्या हाती दिला, तर या ठरावाप्रमाणे सगळं आलबेल! लॅब्रॅडॉरही तीस-पस्तीस किलोचा होतो, आणि मांजर दिसलं की तोही धावतो.

नोटिशीत ‘केंद्र सरकारच्या नियमानुसार’ असे शब्द आहेत. ते कृपया काढून टाका. ग्रुपवर फिरतंय ते केंद्रीय पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलेलं परिपत्रक आहे. त्यात २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीपासून होती, त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, एवढंच म्हटलं होतं. पाळलेली कुत्री घराबाहेर काढा, असं त्या परिपत्रकातही नव्हतं! आणि ते महिनाभरही टिकलं नाही. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं, या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केलं. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही त्याचा निभाव लागला नाही, आणि मग केंद्राने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. म्हणजे न्यायालयाने जो कागद ‘कुणाला विचारलं नाही’ म्हणून बाजूला सारला, तोच आपण आपल्या सभासदांना न विचारता फळ्यावर लावला आहे.

ती यादी कुणी नीट वाचली आहे का? जपानची तोसा ही जात तिच्यात दोनदा आली आहे, एकदा एकटी आणि एकदा अकिताच्या जोडीने. एका ओळीत नुसतं ‘टेरियर्स’ लिहिलं आहे. टेरियर ही एक जात नव्हे, त्यात डझनावारी जाती येतात. यॉर्कशायर टेरियर जेमतेम तीन किलोचा असतो; बी विंगमधल्या वहिनी ज्याला पर्ससारखा काखेत घेऊन भाजी आणायला जातात तोच. ठराव अक्षरशः पाळायचा तर वहिनींनाही नोटीस जाणार. ‘मॅस्टिफ’चीही तीच गत, त्या नावाखालीही अनेक जाती येतात. उलट आपल्या आवारात आजवर ज्या दोन-तीन कुत्र्यांनी सुरक्षारक्षकांच्या पोटऱ्यांना दात लावले, त्यांच्यापैकी एकही यादीत नाही. त्यातलं एक पॉमेरेनियन आहे. कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचा प्रश्न, जात ठरवणार कोण? आपल्याकडे बहुतेक पिल्लं कागदपत्रांशिवाय विकली जातात. विकणारा जे सांगेल ती जात. रुंद जबड्याचं आणि आखूड केसांचं कुठलंही मिश्र कुत्रं लोकांना पिटबुल वाटतं. प्राण्यांच्या निवाऱ्यांत रोज कुत्री हाताळणाऱ्यांनी नुसतं पाहून सांगितलेली जात डीएनए तपासणीशी बरेचदा जुळत नाही, हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. मग आपल्याकडे हे काम सचिव करणार की रात्रपाळीचा वॉचमन?

जातीवरून स्वभाव किती कळतो, यावर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला सुमारे नऊ टक्केच जातीने उलगडतो, असं त्यात निघालं. बाकीचं कशातून येतं हे कुत्रं पाळलेल्या कुणालाही विचारा: ते पिल्लू आईपासून किती लवकर तोडलं, माणसांत वावरलं की गॅलरीत बांधून ठेवलं, मारून वाढवलं की शिकवून.

बाहेरच्या देशांत हे सगळं करून झालं आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चार जातींवर बंदी घातली. तिथे कुत्र्याचे आईबाप कोण हे पाहत नाहीत, मापं घेऊन ‘टाइप’ ठरवतात. त्यानंतरच्या दशकांत इंग्लंडमध्ये कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण वाढतच गेलं, आणि २०२३ च्या शेवटी एक्सएल बुली हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली बंदी चावे कमी होत नाहीत हे पाहून २००८ मध्ये उठवली. इटलीने २००३ मध्ये नव्वदहून अधिक जातींची यादी काढली आणि २००९ मध्ये ती सोडून देऊन जबाबदारी मालकावर टाकली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९८९ पासूनची पिटबुलबंदी २०२० मध्ये मतदान घेऊन उठवली आणि परवान्याची पद्धत आणली. इतक्या ठिकाणी जी गाडी परत फिरली, तिचं तिकीट आपण आता का काढतोय?

विरुद्ध बाजूलाही वजन आहे, ते मी नाकारत नाही. लखनौमध्ये २०२२ साली घरच्याच पिटबुलने एका वृद्धेचा जीव घेतला. गोव्यात हणजूणला ऑगस्ट २०२४ मध्ये सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला, आणि गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र समजल्या जाणाऱ्या जातींना आळा घालणारं विधेयक मंजूर केलं. ज्या आईचं मूल गेलं तिला नऊ टक्के नि नव्वद टक्के ऐकवणं क्रूरपणाचं होईल. ताकदवान कुत्र्याने धरलं तर इजा जास्त होते, हेही खरंच आहे. म्हणूनच मोठं कुत्रं पाळणाऱ्यावर बंधनं कडक हवीत, या मताची मी आहे. पण ती त्याच्या आकारामुळे आणि वागण्याच्या इतिहासामुळे हवीत. यादीमुळे काय होतं, तर यादीतल्या जातीचा गरीब कुत्रा हाकलला जातो, आणि यादीबाहेरचा, खरंच चावरा कुत्रा ‘आमचा काही करत नाही हो’ या एका वाक्यावर पट्ट्याविना फिरतो.

आणि हाकललेला कुत्रा जातो कुठे? सात-आठ वर्षांचा रॉटवायलर कुणी दत्तक घेत नाही. निवारे भरलेले असतात. मग कुणीतरी रात्री गाडीत घालून त्याला ताम्हिणीच्या रस्त्याला नाहीतर खडकवासल्याच्या पुढे सोडून येतं. घरात वाढलेलं ते जनावर आठवडाभरात उपाशी मरतं किंवा घाबरून कुणाला तरी चावतं. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लोकांना तिकडे ढकलणारा ठराव आपल्या लेटरहेडवर नको.

कायद्याचं थोडक्यात सांगते. समितीने ठरवलं म्हणून उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, बदलत नाही. सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि वर सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी. ते जमवलं तरी भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आड येतात. बहुसंख्य रहिवाशांना हवं असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर किंवा विशिष्ट जातीच्या वा आकाराच्या कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं ती सांगतात. पाळीव प्राणी ठेवू न देणारी उपविधीतली कलमं केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली आहेत. तो निकाल केरळचा आहे, मान्य. पण इथे कुणी न्यायालयात गेलं तर वकिलाची फी आपल्याच मेंटेनन्समधून जाणार आहे, हे खजिनदारांनी लक्षात घ्यावं.

आता मला काय हवं ते. नियम कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला सारखा असावा, मग घरात पग असो, कारवानी असो की गावठी. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीच्या रेबीजच्या लसीची नोंद ऑफिसच्या रजिस्टरमध्ये हवी. परवाना आजही बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीत किती जणांकडे तो आहे, हे सचिवांनी एकदा मोजावंच. मला वाटतं, आकडा बघून ठराव मांडणारेही थोडे गप्प होतील, कारण त्यांच्यातल्या दोघांच्या घरी कुत्रा आहे. आवारात पट्टा आखूड हवा, चार-पाच फुटांचा. सुटत जाणारा पट्टा आवारात चालणार नाही. कुत्र्याला आवरू शकेल असा प्रौढ माणूसच पट्टा धरेल. नोकराच्या नाहीतर शाळकरी मुलाच्या हाती मोठा कुत्रा दिला तर दंड, आणि तो मालकाच्या बिलात. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर कुत्रेवाल्याने थांबायचं. कुत्रा अंगावर गेल्याची लेखी तक्रार आली, तर समितीतले दोघे आणि बाहेरचा एक पशुवैद्य यांनी आठवड्याच्या आत चौकशी करावी. तक्रार खरी निघाली तर प्रशिक्षकाची सक्ती, पुन्हा घडलं तर आवारात मुसकं. इजा झाली तर सगळा खर्च मालकाचा. चावा असेल तर दहा दिवस त्या कुत्र्यावर नजर ठेवायची आणि चावलेल्या माणसाने जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन तडक लस घ्यायला जायचं. ही सूचना मात्र आजच फळ्यावर लावा, तिला ठराव लागत नाही. जनावराबाबत मालकाने निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हत्यार हाताशी आहे. आपण ते आजवर एकदाही उचललेलं नाही.

रॉटवायलरवाल्या कुटुंबाला समितीने बोलावून घ्यावं आणि हे तोंडावर सांगावं. ते माझे शेजारी आहेत, मी सांगून पाहिलं. ‘आमचा ब्रूनो फार गोड आहे,’ असं उत्तर मिळालं. असेल. पट्टा कोण धरतो, हे मी विचारलं होतं.

तर, बंदीचा ठराव समितीने मागे घ्यावा. मागे घेतला नाही, तर माझा विरोध इतिवृत्तात सदनिका क्रमांकासह नोंदवावा आणि वर लिहिलेल्या नियमांचा मसुदा पर्यायी ठराव म्हणून त्याच सभेत मतदानाला ठेवावा. मसुदा सोबत जोडला आहे, दीड पानाचा आहे. त्यात दंडाच्या रकमांची जागा मी मुद्दाम कोरी सोडली आहे. ती सभेने भरायची.

कळावे,

आपली,
सदनिकाधारक, सी विंग, तिसरा मजला

सोबत: पर्यायी ठरावाचा मसुदा