बुग्याळांवर मुक्काम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की आपल्याकडे हिमालयातल्या ट्रेकची गडबड सुरू होते. आपल्या रविवारच्या पुरवणीतही या विषयावर सविस्तर लेख आला. तयारी कशी करावी, सामान काय न्यावे, विरळ हवेची सवय कशी लावून घ्यावी, ही माहिती उपयोगी आहे. मात्र लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हिरव्यागार उतारावर ओळीने टाकलेले तंबू आणि मागे बर्फाचे शिखर, असे ते चित्र आहे. ते पाहून कोणाही वाचकाला वाटेल की हिमालयात राहायचे ते असेच, गवतावर तंबू ठोकून.

उत्तराखंडात या हिरवळींना बुग्याळ म्हणतात. आली, बेदनी आणि बागजी या चमोली जिल्ह्यातल्या बुग्याळांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या स्थानिक समितीने उच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल लागला. बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम करू नये, पर्यटकांची संख्या २०० च्या वर जाऊ देऊ नये आणि तिथे उभारलेली पक्की बांधकामे हटवावीत, असे न्यायालयाने सांगितले. रूपकुंड या उंचावरच्या सरोवराची वाट बेदनीवरूनच जाते, त्यामुळे मोठ्या ट्रेकिंग संस्थांनी तो ट्रेक थांबवला. हौशी मंडळींना हा निर्णय जाचक वाटला. माझे अनेक माजी विद्यार्थी दरवर्षी हिमालयात जातात. त्यांच्याही तोंडून मी हेच ऐकते की गवत तर आहे, पावसाळा आला की पुन्हा उगवेल, त्यात एवढे काय. हे पत्र त्या 'एवढे काय'बद्दल आहे.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा असा समज होणे स्वाभाविक आहे. आपल्या डोंगरांना वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत अशी उंचीची सीमा, नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, तेही १६४६ मीटर. आपल्या सड्यांवर झाडे नाहीत, कारण खाली कातळ आहे आणि माती बोटभर. थंडीचा त्याच्याशी संबंध नाही. गढवालमध्ये साधारण ३३०० ते ३६०० मीटरच्या पुढे झाड उभे राहू शकत नाही ते उन्हाळ्यातही पुरेशी ऊब मिळत नाही म्हणून. खोड जाड करायला, लाकूड बनवायला लागणारे दिवस तिथे झाडाच्या वाट्याला येतच नाहीत.

चोपत्याहून तुंगनाथला जाणाऱ्या वाटेवर हा बदल पायी चालत पाहता येतो. पंचकेदार करणारे बरेच मराठी यात्रेकरू ही वाट चढलेले असतील. सुरुवातीला खरसू ओक आणि लाल फुलांचा बुरांस अंगावर येतात. थोडे वर गेले की बुरांसाचा फिकट जांभळ्या फुलांचा बुटका भाऊबंद लागतो. वर्षानुवर्षे बर्फाच्या भाराखाली दबून त्याच्या फांद्या उताराच्या दिशेने वाकलेल्या असतात. मग तोही संपतो आणि मंदिरापर्यंत, तिथून पुढे चंद्रशिलेपर्यंत फक्त गवत आणि औषधी वनस्पती. लांबून ते सारे एकसारखे हिरवे दिसते. मे महिन्यात तिथे गुडघे टेकून बसावे. गवताच्या पात्यांमध्ये नखाएवढ्या जेन्शियनची निळी फुले दिसतात. सूर्यावर ढग आला की ती मिटतात, ऊन आले की पुन्हा उघडतात. एवढ्या छोट्या फुलाला ऊबेचा असा हिशेब ठेवावा लागतो, कारण बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत हाताशी जेमतेम पाच महिने असतात.

आणखी वर ब्रह्मकमळ. (आपल्या गच्चीवर रात्री फुलते ते निवडुंगाच्या कुळातले, मूळचे मध्य अमेरिकेतले, हे निराळे.) हिमालयातल्या ब्रह्मकमळाची खरी फुले जांभळट आणि लहान असतात, आणि त्यांच्याभोवती कागदासारख्या पातळ, फिकट पिवळ्या पानांचा द्रोण असतो. त्या द्रोणात बाहेरच्यापेक्षा ऊब टिकते. फेनकमळ तर सगळे अंगच पांढऱ्या लोकरीने झाकून घेते. या वनस्पतींवर आयुष्यभर वर्गात बोलले, तरी त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर मला दर वेळी नवल वाटत आले आहे.

आता तंबूकडे येते. मी साताऱ्याची, त्यामुळे कास पठार डोळ्यांसमोर ठेवूनच सांगते. कासवरचा तेरडा, सीतेची आसवे या वर्षायू वनस्पती. पावसाळ्यात उगवल्या, फुलल्या, बी टाकले, संपल्या. पुढच्या वर्षी नवे रोप. तरीसुद्धा पर्यटकांच्या पायांनी फुले तुडवली जायला लागल्यावर आपण तिथे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी आणली, आसपासच्या गावांतल्या लोकांना व्यवस्थेत घेतले. वृक्षरेषेच्या वरची गोष्ट याहून नाजूक आहे. तिथे वर्षायू वनस्पती अगदी थोड्या. एका छोट्या उन्हाळ्यात उगवून, फुलून, बी धरणे जमत नाही, म्हणून बहुतेक वनस्पती बहुवर्षायू असतात आणि त्यांचा जीव जमिनीखाली, कंदात नाही तर मुळाशी असलेल्या कोंबात असतो. एका उन्हाळ्यात साठवलेल्या अन्नावर पुढच्या वर्षीचे पान येते. त्या पानांवर ऐन वाढीच्या दिवसांत महिनाभर तंबूची चादर पडली की त्यांना ऊन मिळत नाही, साठा होत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे पिवळा चौकोन उरतो. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणला असेल तर नुकसान आणखी मोठे.

चर खणल्यावर जे होते, ते वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बुग्याळाची काळी माती गवताच्या मुळांच्या जाळ्याने धरून ठेवलेली असते. थंडीमुळे तिथे कुजण्याची क्रिया मंद असते, त्यामुळे हा थर तयार व्हायला शतके लागतात. जाळे एकदा तुटले की उघड्या मातीतले पाणी शरदात रोज रात्री गोठते, बर्फाच्या बारीक सुया होऊन वर येते आणि मातीचे कण उचलते. सकाळी सुया वितळतात आणि सुटी झालेली माती उतारावरून घरंगळते. एखादे बी रुजलेच, तर त्याचे रोपही असेच उपटून निघते. पुढच्या पावसाळ्यात त्या चरातून ओहोळ वाहतो. खेचरांच्या वाटांचे तेच होते: एक वाट चिखलाची झाली की खेचर शेजारच्या गवतावरून जाते, मग तिसरी वाट, मग चौथी. अशा घळीच्या काठाशी उभे राहिले तर कापलेल्या कडेला वरचा काळा थर, त्यातून हवेत लोंबणारी मुळे आणि खाली नुसते दगडगोटे दिसतात. शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांचे तर बोलायलाच नको. जिथे पान कुजायला वेळ लागतो, तिथे मैलाही लवकर कुजत नाही, आणि उताराखालच्या झऱ्याचे पाणी गावे पितात.

हे भरून निघत नाही का? निघते, पण केवढ्या कष्टाने ते उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्याळावर दिसते. तिथे घळी बुजवायला वनखात्याने काथ्याची जाळी अंथरली, चीडच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, वाळलेल्या पानांचे, ज्याला तिकडे पिरूल म्हणतात, भारे बांधून पाण्याला अडवणारे छोटे बांध घातले आणि स्थानिक गवत पुन्हा लावले. काम चांगले झाले. पण हे सारे सामान डोंगर चढवून वर न्यावे लागते, आणि बुग्याळ काही एकच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण शहरी निसर्गप्रेमात ती हरवते. सगळा दोष गुराख्यांवर ढकलणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बेसुमार चराई वाईटच. मात्र मेंढपाळ आणि गावकरी पिढ्यान्पिढ्या या हिरवळींवर उन्हाळ्यात येत आले आहेत आणि त्यांचे स्वतःचे नियम होते. भाद्रपदातल्या नंदाष्टमीच्या सणाआधी ब्रह्मकमळ तोडायचे नाही. बुग्याळावर आरडाओरडा करायचा नाही, भडक कपडे घालून फिरायचे नाही, तिथल्या आंछरी, म्हणजे पऱ्या, कोपतात. त्या नियमांमुळे फुलांना बी धरायला वेळ मिळत होता. 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद केली, त्यानंतर पॉलिगोनमचे, तिकडच्या भाषेत अमेलाचे, रान माजले आणि ते उपटायला वनखात्याला माणसे लावावी लागतात. चराई थांबल्यानेच हे झाले का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण माणसाला हाकलले की निसर्ग आपोआप सुधारतो, इतका हा मामला सरळ नाही एवढे नक्की.

म्हणून माझी मागणी बुग्याळे बंद करा अशी नाही. जावे, पाहावे आणि झाडांच्या खाली येऊन झोपावे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये हेच चालते: मुक्काम घांघरियात, सकाळी वर जायचे, संध्याकाळच्या आत परतायचे. तिथून कोणी नाराज होऊन आल्याचे मी ऐकलेले नाही. बेदनीसाठी गैरोली पातालच्या जंगलात मुक्काम करता येतो. दयाराला जाताना रैथल गावात घरगुती राहण्याची सोय होते. यात गाववाल्यांची रोजी बुडत नाही. उलट गावात मुक्काम केला की स्वयंपाक करणाऱ्या बाईपासून वाटाड्यापर्यंत सगळ्यांच्या हातात पैसे पडतात. चढ जास्त होतो हे खरे, एखादा दिवस वाढतो हेही खरे. तेवढी तयारी नसेल तर सोपा ट्रेक निवडावा.

आणखी एक. परतताना वाटेवर कोणी जटामांसीची किंवा कुटकीची मुळी विकत असेल तर घेऊ नये. दोन्ही वनस्पतींचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९७ पासून 'साइट्स' या दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारानुसार नियंत्रित आहे. औषधात मूळच वापरतात, म्हणजे झाड उपटल्याशिवाय ते मिळत नाही. केसांच्या तेलात आणि आरोग्यवर्धिनीत आपण ती वापरतोच. निदान ती लागवडीतून आली आहे का, हे दुकानदाराला विचारायला सुरुवात करू.

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा इथल्या ट्रेकिंग संस्थांना विनंती की त्यांनी आपल्या माहितीपत्रकात प्रत्येक मुक्कामाचे ठिकाण, उंची आणि ते वृक्षरेषेच्या वर आहे की खाली, हे छापावे. शाळा-महाविद्यालयांनी पोरांना पाठवण्याआधी हाच प्रश्न विचारावा. जेवणाचा आणि विम्याचा विचारतात, तसा हाही. आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी की पुरवणीत हिरवळीवरच्या तंबूंचे छायाचित्र यापुढे छापू नये. मे महिन्यात ट्रेकची यादी येईल तेव्हा तिच्यात मुक्कामाच्या गावांचा रकाना असावा. तो भरायला लागणारी उत्तराखंडातल्या वाटांची माहिती मी आणि माझे काही विद्यार्थी आनंदाने पुरवू.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका,
सातारा