‘एमसीई’ दिसलं म्हणजे सर्व्हर वाचला असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

सर्व्हर बंद पडला की ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच छापून येतं आणि विषय संपतो, म्हणून हे पत्र.

मी बरीच वर्षं लिनक्सचे सर्व्हर सांभाळतोय. मागे आमचं एक मशीन भर रात्री आपोआप रीबूट झालं, सगळ्यांनी खापर सॉफ्टवेअरवर फोडलं, सकाळी कन्सोलचा लॉग काढला तर शेवटच्या ओळी मशीन चेकच्या (हार्डवेअरची चूक सापडली की प्रोसेसर देतो ती सूचना, हीच ‘एमसीई’), मेमरीत दुरुस्त न होणारी एरर आणि त्याच्याखाली कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, कर्नलनं, स्वतःहून काम थांबवलं. ईसीसी रॅम (चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी) होती ना, मग पडलंच कसं, असं मलाच विचारलं गेलं.

साधी ईसीसी एक बिट उलटला (० चा १ किंवा १ चा ० झाला) तर दुरुस्त करते, दोन उलटले तर फक्त ओळखते. मग प्रोसेसर १८ नंबरचं एक्सेप्शन, म्हणजे तातडीचा इशारा, टाकतो आणि पुढचं कर्नलच्या हातात. प्रोसेसरला त्यातून सावरता येतं का हे कर्नल बूट होतानाच विचारून ठेवतो. त्यासाठी इंटेलवर प्रोसेसरमधल्या ०x१७९ या रजिस्टरचा २४ वा बिट बघतो, एएमडीवर सीपीयूआयडीमधलं (प्रोसेसर स्वतःच्या क्षमता सांगतो ती माहिती) ‘सकर’ आणि ‘ओव्हरफ्लो रिकव्ह’. एएमडीवर सकर नसेल तर अशी एरर आली की कर्नल सरळ पॅनिक करतो, आणि ते बरोबरच आहे, सडलेला डेटा पुढे ढकलण्यापेक्षा मशीन पडलेलं परवडलं.

सावरता येत असेल तर मात्र फरक बघा. मेमरीचा खराब झालेला ४ केबीचा तुकडा, ‘पान’, कर्नल बाजूला काढतो. त्यात फाइलचा न बदललेला भाग असेल तर डिस्कवरून परत वाचून घेतो, कुणाला पत्ताही लागत नाही, आणि एखाद्या प्रोग्रामचा स्वतःचा डेटा असेल तर त्या एकट्याला सिगबस (मेमरी खराब असल्याचा सिग्नल, त्यानं तो प्रोग्राम सहसा बंद पडतो) जातो, बाकीचं मशीन चालू राहतं. (कर्नलच्याच मेमरीत घाव बसला तर बहुतेक वेळा काही चालत नाही.) ही सोय लिनक्समध्ये २००९ पासून, २.६.३२ पासून आहे, फक्त कर्नल बिल्ड करताना मेमरी फेल्युअरचा पर्याय चालू हवा.

आणि इथेच लोक फसतात. सीपीयूइन्फो या लिनक्सच्या प्रोसेसर-माहितीतल्या फ्लॅग्जमध्ये (क्षमतांच्या खुणांमध्ये) ‘एमसीई’ आणि ‘एमसीए’ दिसलं की लोक निश्चिंत होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की प्रोसेसर चूक सांगू शकतो, सावरू शकतो असा नाही. हॉस्पिटल, बँका जिथे जिथे मशीन पडून चालत नाही तिथे खरेदीच्या कागदावर रॅम किती, कोअर किती हे सगळं असतं, पण प्रोसेसर अशा चुकीतून सावरू शकतो का, हा एक प्रश्न नसतो. आमच्याही कागदावर नव्हता, त्या रात्रीनंतर मी भांडून घालून घेतला. व्हर्च्युअल मशीनवर तर गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या सिस्टिमला, सावरण्याचे हे फ्लॅग दिसतात का तेही वेगळं तपासावं लागतं, कारण तिथे हायपरव्हायझर (अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दाखवेल तेवढंच दिसतं.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर मोबाइलच्या कॅमेऱ्याला अर्धं पान मिळतं, यालाही एकदा जागा द्या, आणि पुढच्या वेळी ‘तांत्रिक बिघाड’ छापायच्या आधी मशीन चेकचा लॉग कुणी बघितला का एवढं तरी तुमच्या बातमीदारानं विचारावं ही कळकळीची विनंती.

– सर्व्हर सांभाळणारा एक वाचक