सिस्टर, ॲड्रेनालिन आधी दिलंत म्हणून

सप्रेम नमस्कार सिस्टर,

त्या रात्री तुमचं नाव विचारायचंही सुचलं नाही, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय.

वांग्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घातली होती, हर्णै बंदरावरून आणलेली. जेवून ह्यांनी हात धुतला आणि दहा मिनिटांत अंगभर लालभडक गांधी उठल्या. आम्हाला वाटलं, पित्त उठलं. सासूबाई आमसुलाचं पाणी चोळत बसल्या. मग ओठ सुजले, उलटी झाली, आवाज घोगरा झाला, तेव्हा शेजारच्या मुलाने रिक्षा काढली.

आरोग्य केंद्राच्या दारातच तुम्ही ह्यांची नाडी धरलीत. डॉक्टरांशी फोनवर बोलता बोलता ॲड्रेनालिनची काचेची ॲम्प्यूल फोडलीत, लुंगी वर सारलीत आणि अर्धा मिलिलिटर मांडीत, बाहेरच्या अंगाला. मी रडत म्हणत होते, "आधी ॲव्हिल द्या हो!" तुम्ही चिडला नाहीत. "ॲव्हिलने खाज जाईल ताई, पडलेलं बीपी आणि आवळलेला श्वास नाही सुधारणार." जरा बरं वाटताच हे उठायला लागले, तर खांदा दाबून पुन्हा आडवं केलंत, पायांखाली उशा दिल्यात. अशा वेळी एकदम उभं राहिलेलं माणूस कोसळू शकतं, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उठू शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलंत. पहाटे तीनला बॅटरी घेऊन बीपी बघायला आलात, ते मी जागीच होते.

पन्नाशीपर्यंत कोळंबीवर वाढलेल्या माणसाला आताच ही ॲलर्जी कशी, असं मी सकाळी विचारलं. कोणत्याही वयात होतं, म्हणालात. कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला शरीर शत्रू धरतं, त्याच्यासाठी बनलेली आयजीई नावाची प्रतिपिंडं शरीरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून दबा धरतात. पुढचा घास गेला की त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन ओततात, रक्तवाहिन्या सैलावून पाझरतात, श्वासनळ्या आवळतात. ॲड्रेनालिन हे सगळं उलटं फिरवतं. हे प्रथिन वाळवून, उकळून मोडत नाही, हेही बजावलंत. नाहीतर कोळंबी बाजूला काढून मी ह्यांना नुसता रस्सा वाढला असता, खरंच वाढला असता.

सोड्यांची बरणी सासूबाईंनी स्वतः नेऊन जाऊबाईंच्या घरी ठेवली. आमसुलं आहेत, सोलकढीपुरती.

तुमची ऋणी,
त्या रात्रीच्या पेशंटची बायको