सुट्टीच्या पुरवणीत लोखंडी कामही छापा

महोदय,

सुट्टीच्या पुरवणीत कागदकामाबरोबर मुलांसाठी एखादं लोखंडी कामही छापा, ही कळकळीची विनंती. माझी मुलगी रिमोटचा ट्रक चालवते. एकदम थ्रॉटल (वेग) दिला की गाडीचं तोंड उचलतं आणि ती पाठीवर उलटते. ते रोखणारा मागचा व्हीली बार, म्हणजे गाडीच्या मागे निघालेला, टोकाला चाक असलेला दांडा, आम्ही बापलेकीने घरीच केला.

अॅल्युमिनियमची मऊ पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ केली की त्याच जागी तडकते. म्हणून 3 मिमी जाडीची स्प्रिंग स्टीलची तार घेतली. ती थंडच, व्हाइसमध्ये (शेगड्यात) धरून, मोठ्या गोलाईने वाकवायची; लालभडक तापवली की तिचा ताठा गेलाच. बार सस्पेन्शनच्या आर्मला (चाकाबरोबर वरखाली हलणाऱ्या दांडीला) अजिबात नको, थेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला), नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) लावून कसावा. टोकाला स्केटचं 608 नंबरचं बेअरिंग चाक म्हणून झकास चालतं, बाहेरून 22 मिमी. मात्र ते जमिनीपासून बोटभर वर हवं. टेकून राहिलं तर मागच्या टायरांची पकड सुटते. ही उंची मुलीने स्वतः मोजपट्टी लावून ठरवली, याचं मला फार अप्रूप आहे.

आकृती हवी असल्यास मापांसह काढून पाठवतो.

– एक टर्नर, भोसरी