दुसरा फेबर कोण, हे लेखकानेच कळवावे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या प्रकाशकांवरचा, त्यातही 'फेबर अँड फेबर' या प्रकाशनसंस्थेवरचा लेख वाचला. पेपरला पत्रं लिहिणं हे माझं निवृत्तीनंतरचं व्यसन आहे असं घरच्यांचं मत असल्यामुळे रविवारभर गप्प बसलो. पण आज सकाळी तोच अंक भाजी निवडायला पसरलेला दिसला आणि 'फेबर बंधूंनी स्थापन केलेली ही संस्था' हे शब्द नेमके मेथीच्या काड्यांतून वर आले. मग राहवलं नाही.

फेबर बंधू! या दुसऱ्या बंधूंचं नाव, गाव, निदान एखादा फोटो लेखकमहाशयांनी द्यायला हवा होता. जेफ्री फेबर आम्हालाही माहीत आहेत. त्या संस्थेत दुसरे फेबर नव्हतेच. १९२९ साली जुनी भागीदारी मोडली, तेव्हा पाटी भारदस्त दिसावी म्हणून एकच आडनाव दोनदा रंगवलं. ही युक्ती कवी वॉल्टर द ला मेअर यांची, असं सांगतात. ग्रंथालयात उमेदवारी करणाऱ्या पोरालाही हा किस्सा पहिल्या वर्षी ऐकायला मिळतो. तुमच्या पुरवणीपर्यंत तो पोचला नाही, हे आमचं दुर्दैव.

बरं, जो नव्हता त्याला भाऊ केलं, हे एक वेळ हसून सोडून देऊ. जी होती तिला अर्ध्या पानात एक ओळ नाही, त्याचं काय?

१९२५ साली त्या दारावर 'फेबर अँड ग्वायर' अशी पाटी होती. त्यातलं ग्वायर म्हणजे अल्सिना ग्वायर आणि त्यांचे यजमान मॉरिस. मूळ मालमत्ता बाईंच्या माहेरची. वडील सर हेन्री बर्डेट यांनी इस्पितळं आणि परिचारिका यांच्यासाठी पुस्तकं, नियतकालिकं काढणारी 'सायंटिफिक प्रेस' उभी केली, ती लेकीकडे आली. 'नर्सिंग मिरर' हे साप्ताहिक त्या घरातली दुभती गाय. मॉरिस आणि जेफ्री हे दोघेही ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, त्या ओळखीतून फेबर धंद्यात आले. त्याच वर्षी कवी टी. एस. एलियट लॉइड्स बँकेची नोकरी सोडून तिथे संचालक झाले. तुमच्या लेखात एलियट यांच्यावर दोन लांबलचक परिच्छेद आहेत. कविता छापायला कागद लागतो, कागदाला पैसे लागतात आणि ते पैसे आठवड्याच्या आठवड्याला नर्सा भरत होत्या, हे मात्र लेखकाला लिहिण्याजोगं वाटलं नाही. पुढे साहित्य किती छापायचं नि पैसा किती ओतायचा यावरून भागीदारांचं बिनसलं, 'नर्सिंग मिरर' विकलं गेलं, ग्वायर बाहेर पडले. पाटीवरून नाव गेलं की माणूस इतिहासातूनही जातो. त्या मानाने 'चॅटो अँड विंडस' या लंडनच्याच दुसऱ्या प्रकाशनसंस्थेतले विंडस नशीबवान. पैसे घालून निवांत कविता करणारा माणूस, पण पाटीवर टिकला.

हे इतकं का झोंबलं ते सांगतो. आमच्या आत्याचे यजमान अकाली गेले. त्यांच्या फंडाचे आणि विम्याचे पैसे आले, तेव्हा त्यांच्याच एका शिक्षक मित्राला छापखाना काढायचा होता. गाव आणि संस्था यांची नावं लिहीत नाही, कारण तिसरी पिढी गादीवर आहे आणि वकिलांचे दर मला परवडणारे नाहीत. रीतसर स्टॅम्पपेपरवर भागीदारीपत्र झालं. रुपयात सहा आणे आत्याचे. तो कागद मी पाहिला आहे. मित्राची सही दोन मजली, खाली रेघ मारलेली. आत्याची जांभळ्या शाईतली, शाळेच्या हजेरीपटावर करावी तशी, पूर्ण नावाची. एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं) मशीन घेतलं आणि पहिली काही वर्षं निघाली ती फक्त एस. एस. सी.ची गाईडं. भूमितीचं, संस्कृतचं, इंग्रजी निबंधांचं. आत्या दिवसभर शाळेत शिकवायची आणि रात्री स्वयंपाकघरात पाटावर गॅली प्रुफं पसरून लाल पेन्सिलीने तपासायची. त्याची मजुरी तिने कधी लावली नाही. भागीदाराने स्वतःकडे मजुरी काय मागायची, असं तिचं म्हणणं.

गाईडांवर पैसा आला, मग भागीदारांना साहित्याची हौस आली. काव्यसंग्रह निघाले, प्रकाशन समारंभ झाले, शाली-श्रीफळं झाली. आत्या एवढंच विचारायची की गाईडांचा कागद उधारीवर आणि कवितांचा रोखीने, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिचा 'हिशेब चुकता' करण्यात आला. घातलेली रक्कम जशीच्या तशी परत. नावलौकिकाचे पैसे शून्य. नावलौकिक म्हणे कवितांमुळे झाला होता!

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली, तेव्हा संस्थापक म्हणून एकच फोटो होता. आत्याचं नाव शेवटच्या पानावर 'हितचिंतक' या मथळ्याखाली, बाइंडर आणि मंडपवाले यांच्या मधोमध. तेही आद्याक्षर चुकवून. समारंभाला तिला तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. घरी आल्यावर तिने भिंग काढलं, ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. स्वतःच्या नावाचं आद्याक्षर तेवढं तसंच ठेवलं. आम्ही तावातावाने बोलत होतो, ती म्हणाली, "प्रूफ माझ्याकडे आलं असतं तर असं झालं नसतं." यापलीकडे या विषयावर ती बोलली नाही. म्हणून मी बोलतो.

आता मॉरिस ग्वायर यांच्याकडे येतो, कारण इथे मराठी वृत्तपत्राला क्षमा नाही. हे गृहस्थ म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानच्या फेडरल कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश. १९३५ चा भारत सरकार कायदा घडवण्यात हात असलेले. १९३७ साली ते दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या शेजारी न्यायासनावर कोण बसलं होतं? आपले मुकुंदराव जयकर! तेच जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात तुमच्या लेखकाने अर्धा तास घालवला असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. ग्वायर स्वतः १९३८ पासून १९५० पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुलींचं मिरांडा हाउस कॉलेज त्यांनीच १९४८ साली काढलं. आणि तळपदे खटला? मुंबई सरकारने भारत संरक्षण नियमांतल्या २६ व्या नियमाखाली केशव तळपदे यांना विनाचौकशी डांबलं होतं. तो नियमच मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेरचा आहे, असा निकाल ग्वायर यांनी एप्रिल १९४३ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर दिला. ऐन 'चले जाव'च्या धामधुमीत, ब्रिटिश सरन्यायाधीशाने! सरकारने लगोलग वटहुकूम काढून भोक बुजवलं, ते सोडा. असा माणूस एकेकाळी एलियट यांच्या प्रकाशनसंस्थेच्या पाटीवर होता, ही बातमी हातात असताना तुम्ही छापता काय, तर फेबर बंधू.

दुरुस्ती छापावी ही विनंती. ती पुरवणीतच, त्याच पानावर छापावी. हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींखाली नव्हे. आणि अल्सिना ग्वायर यांचं नाव त्यात यजमानांच्या आधी यावं.

जाता जाता आणखी एक. महापालिकेच्या वाचनालयाच्या वेळांबद्दलचं माझं मागचं पत्र आपण छापलंत, आभारी आहे. पण त्यातला शेवटचा परिच्छेद कापल्यामुळे, वाचनालय दुपारी बंद ठेवावं अशी माझीच मागणी असल्यासारखं ते वाचलं गेलं. तिथले कर्मचारी तेव्हापासून माझ्याशी फार आदराने वागतात. या वेळी जागा कमी पडली तर विंडसवरचं वाक्य कापा, आत्याला हात लावू नका.

कळावे,

आपला,
एक जुना वर्गणीदार (निवृत्त ग्रंथपाल), पुणे ३०

ता. क. : पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर हल्ली पुढच्या रविवारी येत नाही. तेही फेबर बंधूंकडे सोपवलं आहे का?