ग्रंथपाल सर, माझे शोधनिबंध एका जागी आणल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभात बोलणाऱ्या प्रत्येकानं तुमची शिस्त आणि वक्तशीरपणा यांवर भर दिला. ते खरंच आहे, पण ग्रंथालयात तुम्ही नेमकं काय करत होतात, हे त्यातून बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. म्हणून हे पत्र जाहीर लिहितेय. तुम्हाला ते आवडणार नाही. पण आता तुम्ही निवृत्त आहात, त्यामुळे ‘हे काय’ म्हणून केबिनमध्ये बोलावू शकत नाही.

मी तुमच्याकडे आले ती कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फाईलसाठी. स्थाननिश्चितीचा अर्ज, प्रकाशनांची यादी, प्रत्येक निबंधाची झेरॉक्स आणि गुणांचा तक्ता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शिक्षणशास्त्रातल्या एका निबंधाला १० गुण, दोघांनी मिळून लिहिला असेल तर प्रत्येकाला ७. हा हिशोब स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतो. तुम्ही तक्ता बाजूला सारलात आणि म्हणालात, “आधी मूळ अंक आणा, मॅडम.” मग वाचन कक्षातल्या लांब टेबलावर ते वर्षाप्रमाणे मांडून घेतलेत आणि दाखल पुस्तकांची नोंद करावी तशी एकेकाची नोंद सुरू केलीत. लेखकांची नावं छापली आहेत अगदी तशी, खंड, अंक, पृष्ठं, आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक, आणि असला तर डीओआय, म्हणजे निबंधाचा ऑनलाइन कायमचा ओळखक्रमांक.

नावापाशीच पहिली अडचण आली. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, म्हणजे आद्याक्षरंही बदलतात. माझे सुरुवातीचे निबंध माहेरच्या नावानं, नंतरचे सासरच्या. शोधनिबंधांच्या एका मोठ्या डेटाबेसनं माझ्यातून सरळ दोन वेगळ्या बायका केल्या होत्या. एकीनं संगणकाच्या मदतीनं शिकवण्यावर लिहिलं आणि मग ती जणू संशोधन सोडून संसाराला लागली. दुसरी कुठूनशी अचानक उगवली आणि शैक्षणिक संकेतस्थळांच्या रचनेवर लिहू लागली. नावबदलाचं राजपत्र माझ्याकडे होतंच, पण डेटाबेस राजपत्र वाचत नाहीत! तुम्ही मला ऑर्किड काढायला लावलंत. २०१२ पासून संशोधकांना मिळणारा हा १६ अंकी ओळखक्रमांक फुकट असतो, नाव बदललं तरी तोच राहतो, आणि जुनी नावं नोंदवायला त्यात वेगळी जागा असते. काम तुम्ही स्वतः करून टाकलं असतंत तर अर्ध्या वेळात झालं असतं. पण “खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, मी शेजारी बसतो,” असं म्हणून खुर्ची सरकवून बसलात. दोन्ही प्रोफाइल एक करण्याची विनंतीही माझ्याच हातून पाठवलीत.

त्याच बैठकीत लक्षात आलं की माझ्यासारखीच आद्याक्षरं असलेल्या कुणा डॉक्टरांचे निबंध माझ्या प्रोफाइलमध्ये आपोआप येऊन बसलेत. त्यांच्यामुळे माझा एच-इंडेक्स, म्हणजे किती निबंधांचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला यावरून काढलेला आकडा, चांगला वधारला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पडद्याकडे बघत राहिलात. मी एकेक निबंध काढला आणि आकडा झरझर खाली आला. फॅकल्टीतल्या एका सहकाऱ्याला हे अजून वेडेपणाचं वाटतं.

कुठल्याही नियतकालिकाबद्दल ‘यूजीसीच्या मान्य यादीत आहे का?’ हा आमचा नेहमीचा प्रश्न. तुमचा प्रश्न वेगळा असायचा: “संपादक कोण? त्यांना माहीत आहे का ते संपादक आहेत ते?” २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या यादीची तपासणी छापून आली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्यांपैकी १००९ नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. ते कात्रण तुम्ही सूचना फलकावर लावलं होतंत. पुढे तिच्या जागी यूजीसीची केअर नावाची यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. सगळे हवालदिल झाले. तुमच्या तालमीत तयार झालेल्यांना मात्र फारसा फरक पडला नाही.

माझा मराठीतला निबंध तर असून नसल्यासारखा होता. पीडीएफ होती, उघडत होती, वाचताही येत होती. पण तो अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची मिसळ यायची. शोधणाऱ्या यंत्राला तीच मिसळ दिसते, त्यामुळे मराठी शब्द टाकून तो कुणालाच सापडणं शक्य नव्हतं. शीर्षक, सारांश आणि बीजसंज्ञा तुम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतल्यात, माझ्याच एका विद्यार्थिनीकडून, आणि तिला कामाचे पैसे मिळतील हेही पाहिलंत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सीडीचा किस्सा. माझ्या पीएचडीचा विषय पाठाच्या वेबपानाची मांडणी आणि मुलांचं त्यातलं फिरणं. पाठ फ्लॅश या तेव्हाच्या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले होते. माझा मुद्दा साधा होता. ८०० बाय ६०० च्या पडद्यावर ‘पुढे’ हे बटण दिसायचं आणि ‘मागे’ खाली स्क्रोलमध्ये लपायचं, म्हणून न समजलेल्या भागाकडे मुलं परत जात नव्हती. त्यात विषय अवघड आहे की सोपा, हा प्रश्नच नव्हता. निबंधात याचा पुरावा म्हणजे काळपट छापलेली एक आकृती. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, सर्व्हर बदलताना जुना फोल्डरही गेला. ज्याच्यावर संशोधन केलं तेच उरलं नाही, राहिले फक्त निष्कर्ष.

तुम्ही कपाटातून माझा प्रबंध काढलात आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशातून सीडी बाहेर काढलीत. ती जमा करून घेताना तुम्ही फायलींच्या नावांची यादी पेननं कव्हरवर लिहिली होती. लॅबमधल्या एका जुन्या संगणकात सीडी ड्राइव्ह शिल्लक होता. फायली निघाल्या, फ्लॅशच्या फायली चालवणाऱ्या रफल नावाच्या मुक्त प्रणालीत त्या चालल्याही. मग सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवून आपण पाठाला स्वतःचा डीओआय घेतला. आता कुणीही पडदा त्या आकाराचा करून ‘मागे’ कुठे जातं ते बघू शकतो. गेल्या वर्षी एका बी.एड. च्या विद्यार्थ्यानं ते करून पाहिलं आणि मोबाइलच्या आडव्या पडद्यावर आजही तसंच होतं असं मला कळवलं. यादीतल्या कुठल्याही गुणापेक्षा मला त्याचं पत्र मोठं वाटतं.

कॅसची फाईल मंजूर झाली, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या विद्यार्थ्याबरोबर नवा निबंध लिहितेय. त्याच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे. ज्याचे आभार मानायचे त्याची लेखी संमती घ्या, असं काही नियतकालिकं सांगतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. फॉर्म या पत्रासोबत पोस्टानं पाठवतेय. ‘कशाला उगीच’ न म्हणता सही करून पाठवा.

आपली कृतज्ञ,
शिक्षणशास्त्र विभागातली तुमची एक वाचक