खाऱ्या हवेतला दोर आणि कड्यावरचा बोल्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंगर हीच जीवनशैली मानणाऱ्या तरुणांविषयी हल्ली पुरवण्यांतून बरेच छापून येते. थंडीत सह्याद्रीतले सुळके, फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग, पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणे, असे वर्षाचे वेळापत्रक आणि सोबत काय विकत घ्यावे याची यादी. यादी चुकीची नसते. पण ती वाचून पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत जो कोणी हे सामान घरी आणतो, त्याला पुढचे कोणी सांगत नाही. हे सामान कड्यावर झिजते त्याहून जास्त आपल्या पडवीत आणि माळ्यावर खराब होते. कोरड्या, थंड खोलीत ठेवायचे असे गृहीत धरून छापलेली मुदत कोकणात जशीच्या तशी धरणे धोक्याचे आहे.

आधी दोर. प्रस्तरारोहणाचा दोर नायलॉनचा. आतला गाभा वजन पेलतो, बाहेरची विणलेली खोळ गाभ्याला जपते. नायलॉन पाणी पितो. भिजलेला दोर जड होतो, झटका सोसण्याची त्याची ताकद चांगलीच घटते, वाळल्यावर ती बरीचशी परतही येते. तेव्हा नुसत्या पाण्याचे फारसे भय नाही. पाण्याबरोबर शिरलेली जांभ्याची तांबडी माती आणि खाऱ्या वाऱ्यातले मीठ मात्र आपणहून बाहेर पडत नाही. माती गाभ्यापर्यंत पोहोचते आणि दोर वाकेल तेव्हा तंतूंना कानशीसारखी घासते. मीठ हवेतला दमटपणा ओढत राहते, म्हणून श्रावणात दोर चार दिवस पंख्याखाली पसरला तरी हाताला ओलसरच लागतो.

असा दोर गोड्या पाण्यात बुडवून खळबळावा. विहिरीचे पाणी चालेल, खाडीकाठच्या मचूळ विहिरीचे नको. पाणी 30 अंशांच्या आत असावे. साबण लागलाच तर सौम्य. कपड्यांची पावडर आणि ब्लीचिंग वर्ज्य. पाण्याचा लाल रंग जाईपर्यंत तीन-चार वेळा पाणी बदलायचे आणि दोर सैल सोडून सावलीत वाळवायचा. चुलीच्या वर आमसुले वाळतात म्हणून दोरही तिथे टांगण्याचा मोह होतो, तो आवरावा. धूर, धग आणि काजळी यांपैकी एकही नायलॉनला मानवत नाही. काजूबियांच्या पोत्यांशेजारीही दोर नको. टरफलातले तेल माणसाची कातडी भाजते, दोरावर त्याची परीक्षा कशाला घ्यायची?

सगळ्यात वाईट जागा जिन्याखालची. वीज जाते म्हणून कोकणात घरोघरी इन्व्हर्टर आला, त्याची बॅटरी जिन्याखाली ठेवली जाते आणि तिथल्याच खुंटीला दोराची पिशवी लटकते. बॅटरी चार्ज होताना गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार उडतात, पाणी भरताना थेंब सांडतात. हे आम्ल नायलॉनचे रेणूच तोडते. खोळीवर डागही न दिसता दोर निकामी होऊ शकतो आणि मग साध्या वजनालाही तुटतो. ‘विनाकारण’ तुटलेले दोर प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा गंधकाम्ल हे कारण वारंवार पुढे आले आहे. गाडीच्या डिकीत जुनी बॅटरी नेली असेल तर त्या डिकीतही दोर टाकू नये. संशय आला तर धुऊन उपयोग नाही, तो दोर बाद.

तपासणीला डोळ्यांपेक्षा बोटे कामाची. दोर वीतभर-वीतभर चिमटीतून ओढत न्यायचा आणि जागोजागी इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून पाहायचा. चांगला दोर गोल वळतो. एखाद्या ठिकाणी चपटा होऊन मोडला, किंवा बोटाखाली पोकळी लागली, तर तिथला गाभा गेला. दोराच्या टोकावरच्या पट्टीवर ईएन 892 हा युरोपीय मानकाचा क्रमांक असेल तर तो लवचीक, लीडरने म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याने बांधायचा. ईएन 1891 असेल तर कमी ताणणारा, फक्त उतरण्यासाठी आणि बांधून ठेवण्यासाठी. दुसरा पहिल्याच्या जागी वापरला तर पडणाऱ्याच्या कमरेला आणि वर खडकात बसवलेल्या, दोर अडकवायच्या बोल्टला जो हिसका बसतो त्याची कल्पना न केलेली बरी. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही जास्तीत जास्त 10 वर्षे देतात, आणि दर आठवड्याला वापर असेल तर साधारण एक वर्ष. आमच्या मते किनारपट्टीवर 10 हा आकडा विसरूनच जावा. पाच पावसाळे पाहिलेला दोर, वापरलेला असो वा नसो, माणसाच्या वजनाखाली आणू नये.

बंदरावर मिळणाऱ्या दोराबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण हर्णै असो की मिरकरवाडा, तो स्वस्त आणि हाताशी असतो. होडी बांधायला तो उत्तमच. बहुधा तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून कोळी बांधव तो घेतात. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण 165 अंशांना वितळते आणि नायलॉन 6 साधारण 220 ला. भरभर रॅपल करून एखादा भारी गडी मध्येच थांबला की तापलेला डिसेंडर, म्हणजे उतरताना वेग आवरणारे धातूचे साधन, दोराच्या एकाच जागी टेकून राहतो. शिवाय या दोराला गाभा-खोळ असा भेद नसतो आणि ऊन त्याला लवकर खाते. तळहातात चोळल्यावर भुसा पडला तर तो होडीलाही नको.

आता बोल्ट. दोर निदान कोणाच्या तरी मालकीचा असतो, कड्यातल्या बोल्टला वालीच नसतो.

जस्ताचा पातळ मुलामा दिलेले जुने बोल्ट गंजतात ते दिसते. गंजाचा ओघळ खडकावर उतरतो आणि माणूस सावध होतो. अधिक फसवा असतो चकचकीत स्टेनलेस. 304 आणि 316 या दोन्ही जातींच्या स्टेनलेसला समुद्राजवळ एक विशिष्ट रोग लागतो. धातूवर सतत ताण, त्यावर साठलेले मीठ आणि उष्ण दमट हवा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोलादात केसासारख्या भेगा आतवर पसरत जातात. वरून तपकिरी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. भेगा असतात हँगरच्या, म्हणजे बोल्टवरच्या कडी अडकवायच्या पट्टीच्या मागे, वाकवलेल्या कोपऱ्यात किंवा भोकाच्या आत. ताण द्यायला माणूस लटकावा लागत नाही. आवळलेला नट आणि कारखान्यात वाकवलेली पट्टी एवढा ताण पुरतो. थायलंडच्या राइले आणि तोनसाई इथल्या समुद्रकड्यांवर वरून ठीक दिसणारे बोल्ट असेच तुटले, यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याबद्दल इशारे दिले आणि आज तिथे रेझिनने चिकटवलेले टायटॅनियमचे बोल्ट बसवले जातात.

‘होडीवरचे 316 वर्षानुवर्षे टिकते, मग कड्यावर का टिकू नये?’ हा प्रश्न रास्त आहे. होडीवरची कडी रोज हाताखालून जाते, धुतली जाते, खराब झाली की बदलली जाते. कड्यावर उलटे घडते. उघड्या भिंतीवरचा बोल्ट निदान चार महिने पावसाने धुऊन निघतो. पुढे झुकलेल्या कड्याखालचा, जिथे पावसाचा थेंब पोहोचत नाही तिथला बोल्ट कधीच धुतला जात नाही. त्यावर वर्षानुवर्षे मिठाची पुटे चढतात. आडोशाची जागा म्हणून जी आपण सुरक्षित समजतो, बोल्टसाठी तीच सर्वांत वाईट. थायलंडचा खडक चुनखडीचा आहे, आपला बेसॉल्ट आणि जांभा, त्यामुळे तिथली गती इथे तशीच लागू होईल असे आम्ही म्हणत नाही. पण मीठ, ऊब आणि दमटपणा या बाबतीत गुहागर-वेंगुर्ल्याचा किनारा काही मागे नाही.

म्हणून लाटांचे तुषार पोहोचतात अशा कड्यावर एकतर टायटॅनियम, नाहीतर बोल्टच नको. वरच्या सड्यावर दोन-तीन पक्की झाडे किंवा मोठे कातळ मिळाले तर त्यांना स्वतंत्र पट्ट्या बांधून दोर सोडावा. पट्ट्यांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवावा. तो 120 अंश झाला की दोन्ही बाजूंवर निम्मे नव्हे, पूर्ण वजन येते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे, समुद्रापासून दूर, 316 चालेल. 10 किंवा 12 मिलिमीटर जाडी, दोन बोल्टमध्ये किमान 20 सेंटीमीटर अंतर. स्टेनलेसच्या हँगरमागे जस्ताच्या मुलाम्याचा बोल्ट कधीही नको, दोन धातूंच्या संगतीत जस्ताच्या मुलाम्याचा आधी गंजून संपतो आणि तो नेमका भोकाच्या आत असतो. चिकटवायचा बोल्ट असेल तर भोकाला फुंकर, ब्रश, पुन्हा फुंकर, आणि हे तीन वेळा. खडकाची भुकटी उरली तर रेझिन खडकाला न धरता भुकटीला धरते.

जांभ्याबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. चिरेखाण पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे की ताजा चिरा मऊ निघतो आणि हवा लागून टणक होतो. कड्याचेही तेच. वरचे कवच हातोडीखाली ठणठण वाजते, आत चार बोटांवर पोकळ, भुसभुशीत दगड असतो. फुलून घट्ट बसणारा बोल्ट तिथे आवळला की कवचाला तडा जातो, किंवा नट नुसता फिरत राहतो. फिरतो म्हणून आणखी आवळणारेही असतात. जांभ्यात असा बोल्ट माणसासाठी मारूच नये. बेसॉल्टमध्येही दोन लाव्हांच्या मधला तांबडा मऊ थर ओळखून त्याच्या खाली-वरच बोल्ट घ्यावा.

कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप करणारे गेट असलेली कडी), डिसेंडर यांचे थोडक्यात. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड दिसली की ते मिठाने खाल्ले जात आहे. गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून बिजागरीत कोरडे वंगण घालावे. खोबरेल घातले तर त्यावर माती बसून गेट अर्धवट उघडे राहते. उभ्या दिशेला 20 किलोन्यूटन पेलणारा कॅराबिनर गेट उघडे असताना जेमतेम 7 पेलला तरी प्रमाणाला उतरतो, म्हणून अडकणारे गेट ही किरकोळ बाब नव्हे.

हिमालयातून परत येणाऱ्या सामानाचे दुखणे निराळे. बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो. पाच-सहा वर्षे कपाटात जपलेला, नवाकोरा दिसणारा बूट तिसऱ्या दिवशी बर्फात तळ सोडतो. वरचेवर घालून चाललेला बूट अधिक टिकतो, तेव्हा ‘ट्रेकलाच घालू’ म्हणून राखून ठेवणे अंगाशी येते. स्कीच्या कडा पोलादी असतात. मे महिन्यात त्या पुसून, तळासकट जाड मेणाचा थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच राहू द्यावा. चढताना स्कीखाली लावायच्या ‘स्किन’चा गोंद उकाड्यात पाघळतो, म्हणून दोन चिकट बाजूंमध्ये जाळीचा तुकडा घालून घरातल्या थंडातल्या थंड जागी ठेवाव्यात. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधणाऱ्या 457 किलोहर्ट्झच्या ट्रान्सीव्हरमधले सेल मोसम संपताच काढावेत. कोकणात रिमोटचे सेल पाझरतात, तसेच तेही पाझरतात. गाडल्या गेलेल्या माणसाला जिवंत काढण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, तेव्हा सेलचे कप्पे हिरवे पडलेले यंत्र हातात असून नसून सारखेच.

राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी आहे. आमची मागणी तेवढ्यापुरतीच. नोंदणी तपासणाऱ्याने प्रमाणपत्रासोबत दोरवही मागावी. प्रत्येक दोराचा क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, पहिला वापर, वापराचे दिवस, कुठे ठेवला आणि शेवटी कधी बाद केला, एवढ्या नोंदी पुरेत. कायमच्या बोल्टशेजारी धातूची जात आणि बसवल्याचा महिना-वर्ष कोरलेली चकती असावी. चकती नसलेला बोल्ट आयोजकांनी वापरू नये. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा धबधब्यांवर दोर सुटतातच, त्याआधी ही वही एकदा उघडली जावी.

आणि बाद केलेला दोर नुसता कोपऱ्यात टाकू नये. त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करावेत. गुरांच्या दाव्याला तेवढा पुरतो आणि तो परत कड्यावर जात नाही.

आपले,
रत्नागिरी-चिपळूण परिसरातील काही प्रस्तरारोहक